पोळलेल्या हातावर कोरफड, मध की हळद? आधी कातडी पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काल संध्याकाळी आईंच्या (वय ५६) डाव्या हातावर, मनगटाच्या वरपासून कोपराच्या खालपर्यंत, उकळते पाणी सांडले. नळाखाली हात जेमतेम दोन-तीन मिनिटे धरला, मग कुणीतरी टूथपेस्ट फासली. आज तिथे तीन-चार मोठे फोड आहेत, त्यातला एक फुटला आहे आणि आग थांबत नाही. घरात कुणी कोरफड सांगते, कुणी मध, कुणी तूप-हळद. यातले काय लावावे आणि उरलेले फोड फोडावेत का, हे तुम्हाला हवे आहे.

भाजलेल्या जखमा तपासणे आणि त्यांचे ड्रेसिंग करणे हे माझे रोजचे काम आहे, म्हणून प्रश्नांचा क्रम थोडा बदलते. 'काय लावावे' हा प्रश्न तिसरा. पहिला प्रश्न, ही जखम घरी सांभाळण्याजोगी आहे का. दुसरा, कातडी कुठे शाबूत आहे आणि कुठे उघडी पडली आहे. हे दोन सुटले की कोरफड-मधाचा प्रश्न फार उरत नाही. वनौषधींबद्दलचे माझे मत आधीच सांगते: त्यांची जागा बंद कातडीवर आहे. म्हणजे फोड न आलेली लाल कातडी, किंवा जखम भरून आल्यावरची नवी कातडी. मधल्या दिवसांत, उघड्या जखमेवर, स्वयंपाकघरातले किंवा कुंडीतले काहीही नको. मध हा एकच अपवाद, आणि तोही घरच्या बरणीतला नव्हे.

आधी आकार मोजा. आईंचा स्वतःचा तळहात, बोटे जुळवून, त्यांच्या शरीराच्या साधारण १ टक्का भरतो. तुमचा तळहात वापरू नका, माप ज्याचे त्याचेच हवे. नुसती लाली आलेला भाग मोजायचा नाही. फोड आलेला आणि साल निघालेला भागच मोजायचा. मोठ्या माणसात असा भाग तीन तळहातांच्या आसपास किंवा जास्त, आणि मुलांत दोन तळहातांच्या आसपास असेल, तर घरी थांबू नका. तुम्ही वर्णन केलेला भाग एक ते दोन तळहातांचा वाटतो, पण मी तो पाहिलेला नाही, म्हणून मोजून घ्या.

आकार लहान असूनही डॉक्टरांकडे जावेच लागते अशा जागा आहेत: चेहरा, पंजा व बोटे, पाऊल, जननेंद्रिये आणि कोणताही सांधा. जखम हाताभोवती किंवा बोटाभोवती पूर्ण गोल फिरली असेल तर ते तातडीचे समजा, कारण सूज आतून वाढते, वरची भाजलेली कातडी ताणत नाही आणि पुढचा रक्तपुरवठा आवळला जातो. विजेचा झटका लागून भाजले असेल तर वरचा डाग नखाएवढा असला तरी रुग्णालयच. वीज आतून स्नायू आणि हृदयाला इजा करते आणि ती वरून दिसत नाही. रसायनाने भाजले असेल, बंद खोलीत धूर नाकातोंडात गेला असेल, आवाज बसला असेल, तरीही तसेच.

मग माणूस पाहायचा. पाच वर्षांखालचे मूल, साठीच्या पुढचे वय, गर्भारपण, मधुमेह, स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे, यातले काही असेल तर तीच जखम वेगळ्या नजरेने पाहावी लागते. आईंना मधुमेह आहे की नाही हे तुम्ही लिहिलेले नाही. असेल तर आजच दाखवा. मधुमेहात जखम भरायला वेळ लागतो हे सर्वांना माहीत असते. संवेदना कमी झालेली असल्याने खोल जखमही फारशी दुखत नाही, हे फारसे लक्षात येत नाही.

आता खोली. तुमच्या आईंचा जो फोड फुटला आहे तिथे खालचा भाग दिवसाच्या उजेडात नीट पाहा. ट्यूबलाइटच्या उजेडात रंग फसवतो. जागा गुलाबी, ओलसर, चकचकीत असेल, वाऱ्याची झुळूक लागली तरी झोंबत असेल, तर ते चांगले लक्षण आहे. साबणाने धुतलेल्या हाताने, निर्जंतुक गॉझची घडी मध्ये धरून, त्या जागी हलके दाबा आणि सोडा. दाबल्यावर पांढरी पडून दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी होत असेल तर कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या जिवंत आहेत, आणि अशी जखम बहुधा दोन आठवड्यांत, फारसा व्रण न ठेवता भरते. याउलट जागा कुठे लाल कुठे पांढुरकी अशी चट्ट्याचट्ट्यांची असेल, कोरडी वाटत असेल, दाबल्यावर रंग बदलतच नसेल, आणि आजूबाजूच्या मानाने दुखत कमी असेल, तर भाजणे खोल आहे. पांढरीफटक, मेणासारखी किंवा चामड्यासारखी टणक आणि बधिर जागा म्हणजे कातडीची पूर्ण जाडी गेली. 'दुखत नाही म्हणजे बरे आहे' हा समज इथे उलटा पडतो. खोल भाजलेल्या जागी दुखावे असे मज्जातंतूच उरलेले नसतात.

एक अडचण मोकळेपणाने सांगायला हवी. पहिल्या दिवशी खोली नक्की सांगता येत नाही, अनुभवी डोळ्यालाही नाही. डग्लस जॅक्सन या ब्रिटिश शल्यविशारदाने १९५३ मध्ये भाजलेल्या जागेचे तीन पट्टे मांडले. मधला भाग मेलेला, बाहेरचा भाग नुसता लाल आणि हमखास बरा होणारा, आणि या दोघांमध्ये एक अधांतरी पट्टा, जिथे पेशी जिवंत आहेत पण रक्तप्रवाह मंदावला आहे. हा अधांतरी पट्टा पुढच्या ४८ ते ७२ तासांत एकतर सावरतो किंवा मरतो. प्रथमोपचाराची आणि पहिल्या तीन दिवसांच्या काळजीची सगळी धडपड या पट्ट्यासाठी असते. आज वरवर वाटणारी जखम परवा खोल निघू शकते ती यामुळेच. म्हणून घरी सांभाळायचे ठरवले तरी तिसऱ्या दिवशी एकदा डॉक्टरांना दाखवणे मी गाळणार नाही.

थंड करण्याबद्दल सविस्तर लिहिते. आईंसाठी ती वेळ टळली आहे, पण घरातल्या प्रत्येकाला हे पाठ हवे. चुलीवरून उतरवलेले भांडे काही वेळ रटरटत राहते तशी कातडीही उष्णतेपासून दूर केल्यावर आतून भाजत राहते. साधे, वाहते, नळाचे गार पाणी पूर्ण २० मिनिटे, घड्याळ लावून, हे आपल्या हाती असलेले सर्वात परिणामकारक औषध आहे. लगेच जमले नाही तर भाजल्यापासून तीन तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो. दोन-तीन मिनिटांत आग कमी वाटते म्हणून लोक हात बाहेर काढतात. पण तोवर वरचा थर गार झालेला असतो, खालचा नाही. शिवाय गार पाण्याने सूज आणि दाह घडवणारी रसायनेही कमी सुटतात, त्यामुळे वेदना शमल्यावरही वेळ पूर्ण करायची.

बर्फ मात्र नको. तो रक्तवाहिन्या आवळतो आणि त्या अधांतरी पट्ट्याचा उरलासुरला रक्तपुरवठा तोडतो. थेट कातडीवर ठेवला तर थंडीची इजा वेगळीच. लहान मुलाला किंवा भाग मोठा असेल तेव्हा फक्त भाजलेली जागा पाण्याखाली धरा आणि बाकीचे अंग कोरड्या पांघरुणात गुंडाळा, नाहीतर मूल गारठते. मूल थरथरायला लागले तर पाणी थांबवा. वाहते पाणी नसेल तर बादलीतल्या पाण्यात बुडवलेले स्वच्छ फडके, पण ते दर दोन मिनिटांनी बदलायचे, कारण ओले फडके लगेच कोमट होते.

पाणी चालू असतानाच अंगठी, बांगड्या, घड्याळ, घट्ट बाही काढून घ्या. अर्ध्या तासात सूज चढते आणि मग अंगठी कापावी लागते. उकळते पाणी झिरपलेला कपडा तर पहिल्या क्षणाला उतरवायचा; तो उष्णता धरून ठेवतो. पण वितळून चिकटलेला कपडा, प्लास्टिक किंवा डांबर ओढू नका. भोवतालचा कपडा कात्रीने कापा, चिकटलेले तसेच ठेवून त्यावर पाणी सोडा. रसायनाची कोरडी पूड अंगावर असेल तर आधी झटकून काढा, मग पाणी, आणि ते २० मिनिटांवर थांबवायचे नाही, तासभर तरी चालू द्यायचे.

थंड करून झाल्यावर डॉक्टरांकडे जाईपर्यंत जखमेवर स्वयंपाकघरातली पारदर्शक क्लिंग फिल्म ठेवा. रोलचा पहिला वेढा टाकून द्या, आतला भाग बऱ्यापैकी स्वच्छ असतो. ती हाताभोवती गुंडाळायची नाही, वरून पट्टीसारखी अंथरायची. सूज वाढली की गुंडाळलेली फिल्म आवळते. हवा लागणे थांबले की वेदना लक्षात येण्याइतक्या उतरतात, आणि डॉक्टरांना ती न काढता जखम दिसते.

टूथपेस्टमध्ये मेंथॉल असते, म्हणून गार वाटते. प्रत्यक्षात कातडी गार होत नाही. वर ती वाळून पापुद्रा धरते, खालची ऊब अडवते, उघड्या भागाची आग वाढवते, आणि जखम पाहण्यासाठी ती खरवडून काढताना उरलेली कातडीही निघते. तूप, लोणी, तेल यांचेही पहिल्या तासात असेच: स्निग्ध थराखाली उष्णता कोंडते. शाई, अंड्याचा पांढरा बलक, ओली माती, कांद्याचा रस, राख, यातल्या एकाही गोष्टीचे काम मला सांगता येत नाही. ते धुऊन काढायचे काम मात्र वाढते.

आता आज आईंच्या हाताचे काय करायचे ते क्रमाने सांगते. ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी त्यांना पॅरासिटामॉल द्या. ५० किलोंच्या वर वजन आणि यकृताचा आजार नसेल तर ५०० मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या. दोन वेळांत चार ते सहा तासांचे अंतर, आणि २४ तासांत आठपेक्षा जास्त गोळ्या नाहीत. लहान मुलांना किलोमागे १५ मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळांपर्यंत. आयबुप्रोफेन चालते, पण पोटात व्रण, मूत्रपिंडाचा आजार किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय नको.

हात साबणाने धुऊन घ्या. पाणी उकळून कोमट होऊ द्या. आधी टूथपेस्ट भिजवा: ओले गॉझ दहा मिनिटे ठेवा, मग पाण्याची बारीक धार सोडा. जे आपण होऊन सुटेल ते सुटू द्या; चिकटलेला कण नखाने काढू नका, तो पुढच्या वेळी निघेल. सौम्य, बिनवासाचा साबण भोवतालच्या चांगल्या कातडीला चालतो. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, डेटॉलसारखी जंतुनाशके उघड्या जखमेत ओतू नका. ती जंतूंबरोबर नव्याने वाढणाऱ्या पेशीही मारतात, आणि आईंना उगाच यातना. धुतल्यावर गॉझने टिपून घ्या, पुसू नका.

फोडांचे उत्तर: फोडू नका. फोडाचे झाकण ही आईंची स्वतःचीच, निर्जंतुक आणि मापाची पट्टी आहे; तिच्याखाली जागा ओलसर राहते आणि दुखते कमी. साधारण ६ मिलिमीटरपर्यंतचे फोड तर तसेच राहू द्यायचे असतात. मोठे, तट्ट फुगलेले, सांध्यावरचे किंवा आज-उद्या फुटतीलच असे दिसणारे फोड आम्ही निर्जंतुक कात्री-चिमट्याने उघडतो, कारण आपोआप फुटले तर कातडी वेडीवाकडी फाटते आणि खालची खोलीही दिसत नाही. याबाबत तज्ज्ञांत मतभेद आहेत. सुईने घरी फोडण्याच्या बाजूने मात्र कुणी नाही. सुईच्या भोकातून पाणी जाते आणि जंतू आत येतात, वर झाकण तसेच, म्हणजे जंतूंना बंद खोली मिळते. फुटलेल्या फोडाची चुरगळलेली साल ओढू नका. ती पाण्याने ओली करून शक्य तितकी जागेवर पसरवा. गळून लोंबणारी असेल तर दवाखान्यात कापून घ्या.

ड्रेसिंगचा पहिला थर न चिकटणारा हवा. पॅराफिन गॉझ, म्हणजे व्हॅसलिनसारख्या मलमात भिजवलेली जाळी, औषधांच्या दुकानात निर्जंतुक पाकिटात मिळते. जखमेच्या कडेपलीकडे दोन-तीन सेंटिमीटर जाईल एवढा तुकडा, एक किंवा दोन पदर. तो नसेल तर नव्या ट्यूबमधली साधी पेट्रोलियम जेली निर्जंतुक गॉझवर दोन-तीन मिलिमीटर जाड पसरून तो गॉझ जखमेवर ठेवा. जेली बोटाने जखमेवर चोळू नका. त्यावर कोरड्या गॉझचे पाच-सहा पदर, कारण पहिले दोन-तीन दिवस लस, म्हणजे जखमेतून पाझरणारे पाणी, खूप वाहते. मग गुंडाळपट्टी, मनगटाकडून कोपराकडे, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा येईल अशी. पट्टीखाली एक बोट सहज सरकले पाहिजे. कापूस थेट जखमेवर कधीही नको. त्याचे तंतू लशीत रुततात आणि नंतर एकेक वेचावे लागतात. बोटांच्या मध्ये भाजले असेल तर प्रत्येक बोट वेगळे बांधायचे, नाहीतर शेजारची उघडी कातडी एकमेकींना जुळून भरते. पट्टी बांधून झाल्यावर नख दाबून पाहा. दोन सेकंदांत गुलाबी झाले पाहिजे. बोटे गार पडली, मुंग्या आल्या, निळसर झाली तर पट्टी लगेच सैल करा.

पहिले ड्रेसिंग २४ तासांनी उघडून पाहा. पुढे दर दोन-तीन दिवसांनी पुरते, मात्र लस वरच्या पदरापर्यंत झिरपली, वास आला किंवा पट्टी भिजली तर लगेच बदला. रोज सकाळ-संध्याकाळ ड्रेसिंग बदलणे ही काळजी वाटते, पण प्रत्येक वेळी नव्या कातडीचा कोवळा थर गॉझबरोबर उपटला जातो. चिकटले असेल तर दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्यात भिजवून, केसांच्या दिशेने हळूहळू सोडवा. पहिले ४८ तास हात उशांवर हृदयापेक्षा उंच ठेवा. आणि हात बांधून निपचित ठेवू नका. जागेपणी तासातून एकदा मूठ दहा वेळा उघड-मीट करायला सांगा, मनगट आणि कोपरही वाकवायला सांगा. सूज उतरायला आणि सांधे न आखडायला याहून सोपा उपाय नाही.

पांढऱ्या मलमाबद्दल विचारले नाहीत, पण घरात ते असेलच. सिल्व्हर सल्फाडायझिन वर्षानुवर्षे भाजण्याचे ठरलेले औषध मानले गेले. वरवरच्या, फोड आलेल्या जखमांत ते आता मी पहिल्या पसंतीने वापरत नाही. अनेक चाचण्या एकत्र पाहिल्या तर त्याने जखम भरायला इतर ड्रेसिंगपेक्षा उशीर होतो असे दिसते. शिवाय ते जखमेवर करडा-पांढरा चिकट थर धरते, आणि तिसऱ्या दिवशी खोली पाहायची तेव्हा नेमके काहीच दिसत नाही. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना, गर्भारपणाच्या शेवटच्या टप्प्यात आणि दोन महिन्यांखालच्या बाळांना ते चालत नाही. खोल किंवा जंतू धरलेल्या जखमेत डॉक्टरांनी दिले तर गोष्ट वेगळी.

आता वनौषधी.

कोरफडीपासून सुरू करते, कारण तिचा उपयोग खरा आहे, फक्त जागा चुकते. तिचा गर गार वाटतो, ओलावा धरतो, दाह कमी करतो. फोड न आलेल्या लाल कातडीवर आणि उन्हाने पोळलेल्या अंगावर ती उत्तम. पण पान कापल्यावर सालीलगत पिवळा, कडू चीक गळतो. त्यात अ‍ॅलोइन असते आणि ते कातडीला झोंबते, पुरळही उठवते. पुष्कळांना 'कोरफड सोसत नाही' असे वाटते ते या चिकामुळे. जाड, पूर्ण वाढलेले बाहेरचे पान बुडाशी कापा, कापलेली बाजू खाली करून १५ मिनिटे उभे ठेवा, चीक गळू द्या. मग धुऊन काटेरी कडा आणि साल काढा, पारदर्शक गर पुन्हा पाण्याखाली धरा. आधी दंडाच्या आतल्या बाजूला थोडा लावून अर्धा तास थांबा. खाज-लाली नसेल तर लाल भागावर पातळ थर, दिवसातून तीन-चार वेळा. गर त्या त्या वेळी काढलेला बरा. उरला तर झाकून फ्रिजमध्ये, एका दिवसापेक्षा जास्त नको. आईंच्या हातावर फोडांच्या बाहेरच्या नुसत्या लाल पट्ट्यावर तुम्ही तो आज लावू शकता. फुटलेल्या फोडावर नाही: पान कितीही धुतले तरी गर निर्जंतुक होत नाही. बाजारातल्या जेलमध्ये अल्कोहोल, सुगंध किंवा हिरवा रंग असेल तर तेही नको.

मधाची बाजू सर्वात भक्कम आहे. त्यात पाणी इतके कमी आणि साखर इतकी दाट असते की जंतूंतले पाणी ओढले जाते. तो आम्ल असतो. आणि जखमेतल्या लशीने पातळ झाला की त्यातल्या विकरामुळे थोडे थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होत राहते, बाटलीतल्यापेक्षा कितीतरी सौम्य. १९९१ मध्ये सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून भाजलेल्या रुग्णांवर मध आणि सिल्व्हर सल्फाडायझिन यांची तुलना प्रसिद्ध झाली, आणि मध सरस ठरला. नंतरच्या एकत्रित आढाव्यांतही मध्यम भाजलेल्या जखमा मधाने नेहमीच्या उपचारांपेक्षा सुमारे चार-पाच दिवस लवकर भरल्याचे दिसते. यातली गोम अशी की तुलनेसाठी घेतलेली औषधेच काही वेळा जखम लांबवणारी होती. आजच्या चांगल्या ड्रेसिंगसमोर मध इतका पुढे जाईलच असे नाही. घरच्या बरणीतला मध मी उघड्या जखमेवर लावू देत नाही, कारण मधात जंतूंचे बीजाणू असू शकतात. उकळून ते मरत नाहीत, उलट ते उपयोगी विकर मात्र नष्ट होते. जखमांसाठीचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक करून ट्यूबमध्ये मिळतो. तो वापरायचा तर १० बाय १० सेंटिमीटरच्या गॉझवर सुमारे २० मिलिलिटर पसरवा, तो गॉझ जखमेवर ठेवा, वर शोषणारे पदर जास्त बांधा. पहिला अर्धा तास झोंबतो. त्याहून जास्त आग राहिली तर धुऊन काढा. एक वर्षाखालच्या बाळाला मध नको, तोंडानेही नाही आणि जखमेवरही नाही.

हळदीत दाह कमी करणारे घटक आहेत, म्हणून ती उघड्या जखमेत भरली जाते. डब्यातली पूड म्हणजे मात्र बारीक कोरडे कण, त्यात धूळ आणि बुरशीचे बीजाणू. लस सुकली की हे कण खपलीत रुतून बसतात. सर्वात मोठा तोटा रंगाचा: पिवळ्या जखमेत गुलाबी काय, पांढुरके काय आणि पू काय, काहीच ओळखता येत नाही. म्हणून तूप-हळदीचा लेप आईंच्या हातावर नकोच.

केळीचे पान आणि उकडलेल्या बटाट्याच्या साली यांची शिफारस तुम्हाला कुणी ना कुणी करेल, आणि ती निराधार नाही. आपल्याकडच्या रुग्णालयांत दोन्ही भाजलेल्या जखमांवर वापरले गेले आहे. पण तिथे ती ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक केलेली असतात आणि त्यांचे काम औषधाचे नसून न चिकटणाऱ्या आवरणाचे असते. तेच काम पॅराफिन गॉझ करते. कच्चा बटाटा किसून लावणे ही वेगळी गोष्ट, ती टाळा. लॅव्हेंडर, टी-ट्रीसारखी सुगंधी तेले निव्वळ स्वरूपात उघड्या कातडीवर लावली तर तीच पोळवतात.

पुढच्या दिवसांत काय दिसेल ते माहीत असले की घाबरगुंडी उडत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जखमेवर पिवळसर, बुळबुळीत पातळ साय दिसेल. हा पू नव्हे. वाळत आलेली लस आहे, ती घासू नका. आठवड्याच्या सुमारास गुलाबी पृष्ठभागावर मोत्यासारखे बारीक फिकट ठिपके दिसले तर आनंद माना: केसांच्या मुळांतून आणि घर्मग्रंथींतून नवी कातडी उगवते आहे. ठिपके पसरून एकमेकांना मिळतात आणि जखम बंद होते.

धोक्याची लक्षणे अशी: दोन दिवस कमी झालेला ठणका पुन्हा वाढणे, कडेची लाली रोज बाहेर सरकणे (पेनाने कड आखून ठेवा, मग अंदाजावर राहावे लागत नाही), हिरवट लस, दुर्गंधी, काखेत गाठ, हातावर वर चढणारी लाल रेघ, ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप. मुलांच्या बाबतीत एक गोष्ट ठळकपणे लक्षात ठेवा. जखम छोटी आणि दिसायला स्वच्छ असूनही पहिल्या काही दिवसांत एकदम जोराचा ताप, अंगावर पुरळ, उलट्या-जुलाब आणि मूल मलूल झाले, तर ते जंतूंच्या विषामुळे असू शकते. तासाभराचीही वाट पाहू नका, थेट रुग्णालय गाठा. संसर्ग नसताना 'खबरदारी म्हणून' अँटिबायोटिक सुरू करायचे नसते. धनुर्वाताचे इंजेक्शन मात्र विसरू नका: शेवटचा डोस पाच वर्षांहून जुना असेल, किंवा आठवतच नसेल, तर आज-उद्या घेऊन टाका.

म्हणजे आजचा हिशेब असा: मोजा, फुटलेल्या जागेचा रंग पाहा, टूथपेस्ट भिजवून काढा, फोड राखा, पॅराफिन गॉझ बांधा, हात उंच ठेवा, धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या, परवा डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल, जागा चट्ट्याचट्ट्यांची असेल किंवा जखम मनगटाच्या घडीवर उतरली असेल, तर परवा नव्हे, आजच.

जखम पूर्ण बंद झाली, कुठेही ओल राहिली नाही, की वनौषधींची पाळी पुन्हा येते. नव्या कातडीत तेलग्रंथी नीट काम करत नाहीत, त्यामुळे ती कोरडी पडते, खाजते, जराशा घर्षणाने बारीक फोड धरते. खोबरेल तेल, साधी पेट्रोलियम जेली किंवा चीक काढलेला कोरफडीचा गर, यातले जे सोसेल ते दिवसातून तीन-चार वेळा, थोडेसे. खोबरेल लावून अंगठ्याने गोल गोल, दाबाखाली कातडी क्षणभर पांढरी पडेल इतक्या जोराने, पाच मिनिटे चोळा. कातडी नाजूक असेल तोवर दाब कमी. खाज रात्री झोपू देत नसेल तर डॉक्टरांकडून खाजेची गोळी घ्या, नखे लावू नका. निदान वर्षभर त्या जागेवर ऊन पडू देऊ नका: पूर्ण बाही किंवा ३० च्या वर एसपीएफचे सनस्क्रीन. नाहीतर डाग गडद होऊन तसाच बसतो.

दोन आठवड्यांत जखम बंद झाली नाही तर थांबून पाहू नका, प्लास्टिक सर्जनना दाखवा. तीन आठवड्यांपेक्षा उशिरा भरणाऱ्या जखमा जाड व्रण ठेवतात आणि काही वेळा कातडीरोपण करणे जास्त हिताचे ठरते. व्रण उचलून येतो तो जखम भरल्यावर दीड-दोन महिन्यांनी, सगळे विसरून गेलेले असताना. जागा लाल, कडक, फुगीर लागायला लागली तर सिलिकॉनची पट्टी दिवसाचे निदान १२ तास, दोन-तीन महिने तरी वापरावी लागते, आणि ती जितकी लवकर सुरू होईल तितका तिचा उपयोग जास्त.